मल्लूखच्या अंगणातला खजूर

बाबेलात कबार कालव्याच्या काठी आपल्या यहूदी लोकांची जी वस्ती होती, तिथे कुठल्याही लग्नात पहिलं ताट मल्लूखचं असे. तो याजक नव्हता, घरंदाज नव्हता आणि शूर तर मुळीच नव्हता. कांद्याचे वाफे आणि खजुराची थोडी झाडं एवढाच त्याचा पसारा. पण त्याने यरुशलेम डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि वस्तीत असं म्हणू शकणारी माणसं दर हिवाळ्याला कमी होत चालली होती. जसजशी ती मरत गेली तसतशी मल्लूखची स्मरणशक्ती वाढत गेली.

बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या फौजेने ते शहर जाळून लोकांना धरून नेलं तेव्हा हा गडी चार वर्षांचा होता. आईच्या कडेवर बसून बाबेलला आला तो बहुतेक झोपेतच. पण हे कुणी कधी मोजलं नाही. लग्नात खजुराच्या दारूचा दुसरा पेला रिकामा झाला की कुणीतरी म्हणायचं, "काका, आता यरुशलेम होऊन जाऊ द्या!" मग काका डोळे मिटायचे आणि सुरुवात करायचे. देवाच्या घराचे खांब, सोन्याची दारं, मुठीएवढी द्राक्षं. आणि शेवटी स्वतःचं घर. मेंढेवेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला. अंगणात खजूर. खजुराखाली बसलेली आजी. मग बायका पदराने डोळे पुसायच्या, पुरुष नाक शिंकरायचे आणि यजमान काकांच्या ताटात मटणाचा आणखी एक तुकडा वाढायचे.

"मला काल कुठे सुरी ठेवली ते आठवत नाही," त्याची बायको हग्गीथ घरी येताना म्हणायची, "आणि तुम्हाला पाळण्यातली द्राक्षं आठवतात. धन्य आहे बाई."

"तुला नाही कळायचं. तू इथली."

"मी इथली, म्हणून तर कांदे वेळेवर निघतात."

असं सगळं उत्तम चाललं होतं. आणि मग बाबेल जिंकून घेतलेल्या पारसाच्या कोरेश राजाने हुकूम काढला की ज्याला आपल्या देशी जायचं त्याने खुशाल जावं.

त्या हुकुमाने वस्तीत जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. गेली कित्येक वर्षं यरुशलेमच्या नावाने ऊर बडवणाऱ्यांना एकाएकी घरची कामं आठवली. कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं, कुणाचा गुडघा धरला होता, कुणाचा न्यायालयात दावा चालू होता. पैसे मात्र सगळ्यांनी सढळ हाताने दिले, स्वतः जायचं नसलं की हात सढळ होतोच. मल्लूखनेही एक चांदीचं कडं दिलं आणि मनातल्या मनात सुटलो म्हणाला. कांदा काढणीला आला होता. पण तरुण पोरं दारात येऊन उभी राहिली ती गाढव घेऊनच.

"काका, चला. तुम्ही नाही तर आम्हाला घरं कोण दाखवणार? आमच्यापैकी कुणी पाहिलंय काय तिथलं?"

आता काका काय बोलणार? हग्गीथ दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. तिला फार मजा वाटत असावी. "जा ना," ती म्हणाली, "आजी वाट बघत असेल खजुराखाली." आणि मग मात्र ती आत गेली आणि भांडी बांधताना रडली, कारण ती याच कालव्याच्या काठी जन्मली होती आणि तिची आई इथल्याच मातीत होती. तिच्या रडण्याला कुणी मटण वाढलं नाही.

चार महिन्यांनी काफिला शेवटच्या टेकडीवर चढला. समोर यरुशलेम होतं. जळलेल्या तटाचे ढीग, काटेरी झुडपं, आणि देवाच्या घराच्या जागी दगडांत हिंडणारा एक कोल्हा. लोक गुडघ्यावर पडले, माती कपाळाला लावू लागले. मल्लूखही पडला. पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं की हे फार लहान आहे. कबारकाठचा बाजार याच्या दुप्पट असेल. कुणी बघत नाही ना, म्हणून त्याने मान वळवली तर हग्गीथ त्याच्याकडेच बघत होती.

"हेच का?" तिने विचारलं.

"हळू बोल."

शहर अगदीच ओस नव्हतं. ज्यांना नेण्यात काही फायदा नाही अशी गरीब माणसं बाबेलच्या सरदाराने तेव्हा मागेच ठेवली होती, द्राक्षमळे बघायला. त्यांची पोरंबाळं अजून इथे होती. ढिगाऱ्यातले दगड वेचून त्यांनी घरं उभारली होती, मळे राखले होते. आलेल्या लोकांकडे ती माणसं जरा संशयाने आणि जरा कौतुकाने बघत होती. यांचे उच्चार वेगळे, कपडे झुळझुळीत, आणि बायकांच्या कानांत परदेशी डूल.

त्यांच्यात होग्ला नावाची एक विधवा होती, सून आणि दोन शेळ्यांसह राहणारी. मेंढेवेशीतून आत शिरल्यावर उजव्या हाताला तिचं घर होतं. दोन खोल्या, अंगण, वर नीट लिंपलेलं माळवद. तिच्या बापाने ते ढिगाऱ्यातून उभं केलं होतं आणि ती त्यातच जन्मली, त्यातच परणली, त्यातच विधवा झाली. हग्गीथला खोकला लागलेला तिने पाहिला आणि संध्याकाळी हाक मारली.

"अहो ताई, त्या तंबूत काय बसलाय गारठत? या आत. मसूर शिजतेय, भाकरी गरम आहे. तुमच्या मालकांनाही बोलवा."

मसुराची आमटी, जवाची भाकरी, जैतुनाचं तेल. चार महिन्यांत मल्लूख पहिल्यांदा छपराखाली पोटभर जेवला आणि भिंतीला टेकून झोपला. हग्गीथचा खोकलाही त्या उबेत बसला. सकाळी तो अंगणात हातपाय ताणत होता तेव्हा त्याच्या काफिल्यातली पोरं रस्त्याने जात होती.

"काय काका, रात्री कुठे होता?"

"घरी," मल्लूख म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला एवढंच म्हणायचं होतं की कुणाच्या तरी घरी. पण पोरं थबकली. एकाने घराकडे पाहिलं, मग वेशीकडे, मग उजव्या हाताकडे. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काकांना घर सापडलं!" तो ओरडला.

पुढचं सगळं इतकं भरभर झालं की मल्लूखला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. जागा भरपूर होती. माणसं धावत आली. दाराच्या चौकटीचे मुके घेतले गेले. एका म्हातारीने चुलीतली राख उचलून कपाळाला लावली. होग्ला हातात पीठ लागलेलं तशीच उभी राहून हा सोहळा बघत होती. तिला आधी वाटलं की बाबेलात पाहुणचाराचे आभार असेच मानतात.

तिला वेगळं कळलं ते दुपारी. वेशीत बसणाऱ्या पंचांकडून बोलावणं आलं, मल्लूखने घरावर हक्क सांगितलाय, तुझं काय म्हणणं ते येऊन सांग.

"मी हक्क कधी सांगितला?" मल्लूख हग्गीथला म्हणाला. "लोकच उठवतायत."

"मग वेशीत जाऊन नाही म्हणा."

"म्हणतो की."

"म्हणा हं," हग्गीथ म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "तंबूत मात्र मी हिवाळा काढणार नाही. परतीचा काफिला निघाला की मी जाते."

आता शहरात निम्मी घरं पडलेली होती आणि ती कुणालाच आठवत नव्हती. हे मोठं नवल होतं. परत आलेल्या माणसांची आठवण माळवद असलेल्या घरावरच जडत असे. मल्लूखचा दावा हा पहिलाच होता, आणि मागे उभ्या असलेल्या पुष्कळांना आपापल्या आठवणींची चिंता लागली होती. म्हणून वेशीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती.

पंचांत मुख्य अदाया होता, काफिल्याचा पुढारी, बाबेलात मुन्शीगिरी करून आलेला, बोलण्यात गोड. इथल्यांच्या बाजूने एकटा म्हातारा इगाल बसवला होता. आपल्यात रीत अशी की घरावर हक्क सांगणाऱ्याने आधी पंचांसमोर घराची ओळख पटवायची. पंच मग जाऊन बघणार.

"सांगा काका," अदाया म्हणाला. "अख्ख्या वस्तीने ऐकलंय, पण रीत म्हणून पुन्हा सांगा."

मल्लूख उभा राहिला. तो नाही म्हणायलाच आला होता, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने घसा साफ केला. समोर चेहरे होते, तेच चेहरे, लग्नातले, बारशातले, माना पुढे काढून बसलेले. आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

"मेंढेवेशीतून आत शिरलं," तो म्हणाला, "की उजव्या हाताला."

मागून कुणीतरी हुंदका दिला. आता थांबणं शक्यच नव्हतं. भाजक्या विटांचा उंबरा, डांबराने सांधलेला, उन्हात चकाकणारा. अंगणात खजूर, पोरांनी दगड मारून पाडलेले पिकले घड. खजुराखाली आजी. परसाला पायऱ्या, पायऱ्यांना लागून संथ वाहणारं पाणी, आणि पाण्यात सोडलेली बदकं.

पलीकडून खीः खीः असा आवाज आला. म्हातारा इगाल तोंडावर हात धरून हसत होता.

"माफ करा हं," इगाल म्हणाला. "विटा? बाबा, इथं लाथ मारीन तिथं दगड. विटा कोण भाजेल? आणि डांबर तर मी जन्मात पाहिलं नाही. खजूर खायचा तर आम्ही खाली यरीहोला जातो. इथं डोंगरावर झाड उभं राहील एक वेळ, पण फळ धरायचं नाही. आणि वाहतं पाणी! आमच्या बायकांची कंबर गेली गीहोनच्या झऱ्यावरून घागरी आणून. तुमच्या परसातून वाहत होतं तर सांगायचं नाही का आधी?"

इथल्या दहा-पंधरा माणसांत हशा पिकला. होग्लाही हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

मल्लूखने डोळे उघडले. विटांचा उंबरा कुणाचा, त्याला लख्ख दिसला. कबारकाठच्या त्याच्या घराचा. ज्या पायऱ्यांवर हग्गीथ भांडी घासायची त्या पायऱ्या. बदकं शेजाऱ्याची. इतकी वर्षं तो बाबेलात बसून बाबेलच सांगत होता, आणि लोक यरुशलेमसाठी रडत होते. यरुशलेम म्हणून शोधायला गेला तर आत काहीच नव्हतं. आईच्या खांद्याचा वाससुद्धा नव्हता.

पण गर्दी हसत नव्हती. गर्दी संतापली होती.

"आमच्या बापानेही खजूरच सांगितला होता!" एक ओरडला.

"माझ्या आजोबांच्या घरालाही विटांचाच उंबरा होता!"

"हे मागे राहिलेले कोण आम्हाला यरुशलेम शिकवणारे? यांना काय माहीत यरुशलेम!"

अदायाने हात वर केला. "खजूर शत्रूने तोडला असणार," तो शांतपणे म्हणाला. "पाणी आपल्या पापांमुळे आटलं. जे आज दिसत नाही ते नव्हतंच, असं म्हणणं म्हणजे देवाचा कोपच नाकारणं." इतक्या विद्वान माणसाशी भांडायचा इगालला सराव नव्हता. अदाया पुढे वळला. "होग्लाबाई, तुमचं काय म्हणणं?"

"माझं?" होग्ला पुढे आली. "माझ्या बापाने ती भिंत हाताने रचली. दगड आणताना त्याचं बोट चेंगरलं, ते जन्मभर वाकडं राहिलं. हेच म्हणणं."

"रचली असेल. पण जागा कुणाची? जे गेले त्यांची. तुम्ही तर गेला नाहीत."

"म्हणजे माझा गुन्हा काय, तर मी इथंच राहिले?"

"गुन्हा कोण म्हणतो?" अदाया म्हणाला. "पण देवाने वचन दिलं ते परत येणाऱ्यांना. तुम्ही कुठून परत आलात, सांगा बघू."

होग्लाने मल्लूखकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती आशेने पाहत होती.

"दादा," ती म्हणाली, "काल तुम्ही माझ्याकडे जेवलात. तुम्हीच सांगा. तुमचं घर आहे हे?"

अदाया वळला. "हो, तुम्हीच सांगा काका. देवासमोर."

मल्लूखला एवढंच म्हणायचं होतं की मला आठवत नाही. तीन शब्द. ते म्हटले की होग्ला घरी जाऊन पीठ मळणार होती. पण ते म्हटले की कबारकाठचं प्रत्येक लग्न खोटं होणार होतं, प्रत्येक हुंदका, प्रत्येक तुकडा मटणाचा. ही पोरं चार महिने कशाच्या मागे चालत आली, असा प्रश्न निघाला असता. तो विश्वासाने बघणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. गर्दीच्या कडेला हग्गीथ उभी होती. तिला सगळं माहीत होतं, त्या पायऱ्या तिच्याच होत्या. ती खोकली. ती त्याच्याकडे पाहून नको म्हणून मान हलवेल असं त्याला वाटलं, पण तिने खाली पाहिलं.

"हेच घर," मल्लूख म्हणाला.

रडारड झाली. मिठ्या मारल्या गेल्या. पंच घर बघायलाही गेले नाहीत, ते मल्लूखचं ठरलं. जो हक्क सोडतो त्याने पायातली वहाण काढून समोरच्याच्या हातात द्यायची, म्हणजे व्यवहार पक्का, ही आपली जुनी चाल. होग्ला खाली बसली. वहाणेचा बंद ओला होता, सुटेना. इगाल मदतीला वाकला तर तिने त्याचा हात झटकला. शेवटी वहाण निघाली. तिने ती मल्लूखच्या हातात ठेवली. ती अजून गरम होती, आणि त्याला स्वतःचीच फार किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती सून आणि दोन शेळ्या घेऊन तटाबाहेरच्या मळ्यातल्या झोपडीत गेली. जाताना तिने हग्गीथला माळवद लाटायचा दगडी रूळ दाखवला. पाऊस पडून गेला की लगेच फिरवायचा, नाहीतर गळतं. हग्गीथने तिचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, मी..." होग्ला म्हणाली, "असू दे. तुमचा खोकला सांभाळा."

लोकांनी पुढच्याच महिन्यात यरीहोहून खजुराचं रोप आणून अंगणात लावलं. ते थंडीत मेलं, तेव्हा दुसरं आणलं. त्याच सुमारास आणखी आठ-दहा जणांना आपापली घरं आठवली. सगळ्यांच्या अंगणात खजूर होता असं वेशीत निघालं, आणि अदायाने ती खूण पक्की धरायची ठरवलं. इगाल पंचांतून उठून गेला. त्याचंही घर माळवदाचं होतं, नाही का, तेही कुणाला तरी आठवायला कितीसा वेळ.

मल्लूखचा मान वाढला. हग्गीथ मात्र त्याच्याशी कामापुरतं बोले. रूळ तीच फिरवायची. गोष्टीची वेळ आली की उठून आत जायची.

वसंतात बाबेलहून दुसरा काफिला आला. नव्या लोकांना पहिल्यांदा कुठे नेणार? मल्लूखच्या अंगणात. तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून. वेस झाली, उजवा हात झाला, आजी झाली. एका तरुण बाईने कडेवरचं मूल सावरत विचारलं, "काका, तुम्ही आलात तेव्हा या घरात कोण होतं हो?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मल्लूखने डोळे उघडले. अंगणाच्या दाराबाहेर होग्ला उभी होती, डोक्यावर घागर, झऱ्यावरून मळ्याकडे जाताना गर्दी बघून थांबलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, उत्तराची वाट बघत.

"कोणी नव्हतं," मल्लूख म्हणाला. "रिकामं होतं. दार उघडं होतं. आमचीच वाट बघत होतं."

त्या तरुण बाईला रडू कोसळलं. मागे सरकताना तिचा धक्का होग्लाच्या घागरीला लागला आणि पाणी हिंदकळलं. ती ओशाळली. तिने होग्लाचे भिजलेले कपडे झटकले आणि गहिवरून, बहिणीला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही कधी आलात हो परत?"

"मी?" होग्ला म्हणाली. आवाज असा की अंगणात सगळ्यांना ऐकू जावा. "मी अजून आले नाही बाई. आताशी तर गेलेय. येईन."

तिने घागर सावरली आणि ती चालू लागली. लोक मल्लूखकडे वळले आणि पुढचं ऐकायला थांबले. मल्लूखने डोळे मिटून पाहिलं, पण आत काही येईना. तो उठला, उघड्या दाराशी गेला आणि ते आतून लावून घेतलं.